शेवटाकडून पहिल्या पानापर्यंत

अक्कांच्या घरात चार कोपऱ्यांचा टॉवेल नव्हता. हात पुसायला पुढं केलेला, बाथरूमच्या खुंटीवरचा, गरम पातेल्याखाली घडी घालून ठेवलेला, सगळ्यांचा एकेक कोपरा तिरका कापलेला. पहिल्यांदा त्यांच्याकडं जेवायला गेले तेव्हा मला उंदरांची शंका आली होती. त्या काळात मी कुणाला काही विचारत नसे.

अक्कांचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत होता. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल लिहायला मी तिथं लागले. मुलाखतीला अक्कांनी माझा बायोडेटा हातात घेतला आणि सरळ शेवटचं पान काढलं. शेवटची ओळ होती, छंद: वाचन. ती सगळेच लिहितात.

"काय वाचतीस?"

"पुस्तकं," मी म्हटलं.

अक्का हसल्या नाहीत. "बरं. उद्यापासून ये."

सगळं शेवटाकडून बघायचं, ही त्यांची खोड कारखान्यातूनच आली होती. मागावरून उतरलेला टॉवेल चेकिंगच्या टेबलावर यायचा. वर काच, काचेखाली ट्यूबलाइट. अक्का टॉवेलचं शेवटचं टोक आधी उजेडावर धरायच्या. "सुरुवात समदेच चांगली विणतात की. शेवटाला माणूस दमतो. तितं बघायचं." दुरुस्त होण्यासारखी चूक दिसली की तिथं लाल दोरा अडकवायचा. मग मेंडिंगच्या बायका सुईनं ती भरून काढायच्या. दुरुस्त न होणारी चूक असली की अक्का स्वतः कात्री काढायच्या आणि टॉवेलचा कोपरा उडवायच्या, म्हणजे तो टॉवेल पुन्हा चांगल्या मालात मिसळायचा नाही. कात्री त्यांच्या कमरेला असायची. दुसऱ्या कुणाला त्या कोपरा कापू देत नसत.

बाहेरही तेच. लग्नपत्रिका आली की आधी खालची निमंत्रकांची नावं. टीव्हीवरच्या मालिकेचा फक्त शेवटचा भाग. भेटायला आलेल्या बाईच्या साडीचा पदर उलटा करून आतली बाजू बघायच्या, आणि बोलणं चालूच. माझ्याकडं बघून त्या मेंडिंगच्या बायकांना म्हणायच्या, "ही पोरगी तोंडात दोरा धरून बसल्यासारखी बसती बघ." मेंडिंगच्या बायका सुईत ओवायचा दोरा ओठांत धरतात, तेवढा वेळ त्यांना बोलता येत नाही. उपमा इतकी बरोबर होती की मला रागही आला नाही.

माझ्या टेबलामागं प्लायवुडची भिंत आणि तिच्यामागं अक्कांची केबिन. त्यामुळं त्या सोमवारचं भांडण मी ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. अक्कांची एकुलती एक मुलगी पुण्यात दातांची डॉक्टर आहे. ती आठवडाभर रजा काढून आली होती. तिला तिच्याच दवाखान्याच्या इमारतीत काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टशी लग्न करायचं होतं. तो वेगळ्या समाजातला. अक्का ना हो म्हणत होत्या ना नाही. घरात दोघी तेलुगूत बोलायच्या, पण भांडणात मराठी यायचं.

"अम्मा, रविवारी त्याचे आईवडील येणारेत. तू त्यांना काय सांगणारेस?"

"माणूस बघितल्याशिवाय काय सांगू?"

"माणूस म्हणजे काय टॉवेल आहे का बघायला? प्रेमातलं तुला काय कळतं? आयुष्यात एक लव्हस्टोरी तरी वाचलीयस?"

मग काहीतरी टेबलावर आपटलं. "हे घे. हे वाच. मग बोल माझ्याशी."

"वाचते की," अक्का म्हणाल्या.

दुपारी जेवणानंतर त्यांनी मला चेकिंगच्या खोलीत बोलावलं. ट्यूबलाइट पेटलेल्या काचेवर एक इंग्रजी कादंबरी पडली होती. गुलाबी कव्हर, पानांच्या कडा हाताळून मऊ झालेल्या. अक्का तेलुगू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी त्यांना लेबलापुरतं यायचं.

"तुजा छंद वाचन हाय की. वाच. मराठीत सांग. रविवारच्या आत मला समदं कळलं पायजे."

मी घाबरले ते अक्कांना नाही. असली कादंबरी मी कधी हातात धरली नव्हती. आमच्या घरी असल्या पुस्तकांना 'असली पुस्तकं' एवढंच नाव होतं. शाळेत मैत्रिणी ती वहीत लपवून वाचायच्या, तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचे. आणि आता ते पुस्तक मालकिणीला मोठ्यानं सांगायचं होतं. त्यावर एका मुलीचं लग्न अडलं होतं, तेही मला ठाऊक होतं.

मी पहिलं पान उघडलं. अक्कांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पालथं केलं आणि शेवटचं प्रकरण काढून दिलं.

"इथनं."

"अक्का, गोष्ट सुरुवातीपासून वाचतात."

"वाचू दे त्यांना."

तर आम्ही शेवटचं प्रकरण वाचलं. परदेशातलं समुद्राकाठचं गाव. तिथं एका मुलीची बेकरी. होड्या दुरुस्त करणारा एक तरुण. तो दारात उभा राहून तिला म्हणतो, मी चुकलो, तुला न सांगता जायला नको होतं. ती रडते, मग हसते, मग मिठी. नावं अक्कांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी लगेच दुसरी दिली. पाववाली आणि होडीवाला.

"पाव विकून समुद्राला लागून घर?" ही पहिली शंका. दुसऱ्या शंकेला त्यांचा आवाज बदलला. "जायला नको होतं म्हणायलाय. म्हंजे गेलता. कुटं गेलता?"

"मागच्या प्रकरणात असेल."

"मग उद्या ते."

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी मला पाण्याच्या पिंपाजवळ गाठलं. शाळेत ती माझ्या पुढं होती, पण आम्ही कधी बोललो नव्हतो.

"अम्माला तूच वाचून दाखवतेस ना? एक काम कर. तो तिला सोडून जातो ते प्रकरण गाळ. अम्माला ते कळलं तर माझं संपलंच. पोरं अशीच असतात म्हणेल. गाळशील ना? प्लीज."

"ते त्यांना आधीच कळलंय," मी म्हटलं. "त्यांनी शेवटापासून सुरुवात केलीय."

ती पेला तसाच पिंपावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी ते प्रकरण आलं. होडीवाल्याला लांबच्या बंदरात मोठं काम मिळतं. पाववालीला सांगितलं तर ती बेकरी बंद करून आपल्यामागं येईल, असं त्याला वाटतं. म्हणून तिच्या भल्यासाठी तो पहाटे गुपचूप निघून जातो. मी शक्य तेवढं मऊ करून सांगितलं. 'तिच्या भल्यासाठी' हे दोनदा म्हटलं.

अक्कांनी ते पान काचेवर हातानं सपाट केलं. बाहेर मागांचा खडखडाट चालू होता.

"आमच्या ह्यांनी पण असंच केलं," त्या म्हणाल्या. "पोटात दुखायलंय म्हणून एकदा पण बोलले न्हाईत. माज्या भल्यासाठी. दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर मलाच ओरडला, बाई इतके दिवस काय करायलता म्हणून. घरी परत आलेच न्हाईत ते."

त्यांनी कमरेची कात्री काढली. मला वाटलं, बंडलाची दोरी कापायची असेल. त्यांनी त्या पानाचा वरचा कोपरा धरला आणि कापला. कापलेला त्रिकोण काचेवर पडला.

"अक्का! पुस्तक ताईंचं आहे."

"हे दुरुस्त होत न्हाय," अक्का म्हणाल्या. "पुढं वाच. म्हंजे मागं."

तिथून पुढचे दिवस मला कठीण गेले. कादंबरी उलटी वाचली तर काय होतं, हे मी तेव्हा पाहिलं. सरळ वाचणाऱ्याला दोघं हळूहळू जवळ येताना दिसतात. आम्हाला ती आधी एकमेकांची झालेली दिसली, मग तुटलेली, आणि नंतर रोज थोडी थोडी परकी होत गेलेली. आणि जिथं तो सगळ्यांत गोड बोलत होता, तिथं आम्हाला ठाऊक होतं की हा जाणार आहे. होडीवाला तिला समुद्रावर चांदणं दाखवायचा आणि अक्का खुर्चीत पुढं सरकायच्या. "एवढं गोड बोलायलाय आणि जाणारे की हा. इथं सांगता आलं असतं बघ." आणि त्या ओळीशी एक लाल दोरा. पुढच्या दुपारी पुन्हा. "इथं पण. दोघंच हायत, जेवण झालंय, ती हसायलीय. आता न्हाय बोलायचं तर कवा?" आणखी एक दोरा. गुरुवारपर्यंत पुस्तकाच्या कडेनं लाल दोऱ्यांची झालर लोंबायला लागली.

माझी वेगळीच पंचाईत होती. प्रेमाचे सगळे शब्द मला इंग्रजीत येत होते आणि इंग्रजीत ते बिनधोक होते. मराठीत आणले की त्यांना अंग यायचं. 'चुंबन' म्हटलं तर पाठ्यपुस्तक उघडल्यासारखं वाटायचं, आणि दुसरा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. एक प्रकरण तर मी असं सांगितलं, "मग ते जवळ आले."

"बरं. पुढं?"

"पुढं सकाळ झाली."

अक्कांनी पानं चिमटीत धरून जाडी बघितली. "एवढ्या पानांत नुसती सकाळ झाली?"

दाराशी मेंडिंगच्या दोघी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलंच नाही. एक पदर तोंडाला लावून हसली. "वाचू द्या की अक्का, आमी काय लहान हाय का?"

"तुजी सकाळ घरी कर जा," अक्का म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. माझे कान जळत होते. तरी त्या रात्री झोपताना माझ्या लक्षात आलं की उद्याच्या दुपारची मी वाट बघतेय. शेवट ठाऊक होता, ती दोघं एकत्र येणार हे पक्कं होतं, आणि तरी छातीत धडधडत होतं. असली पुस्तकं अशी असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी आम्ही दुसऱ्या प्रकरणापर्यंत आलो. पाववाली त्याला नुकतीच ओळखायला लागली होती. अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांब. पुरे."

"पहिलं राहिलंय."

"पुरे म्हटलं की. मला कळलं. मानूस वाईट न्हाय. पन तोंड उघडत न्हाय. असल्याला मी पोरगी देनार न्हाय." मग जाताजाता, "उद्या तू पण ये. पुस्तक घिऊन."

रविवारी कारखाना बंद होता. अक्कांनी पाहुण्यांना घरी न बोलावता चेकिंगच्या खोलीत बोलावलं. डॉक्टरबाई रडकुंडीला आली होती. "अम्मा, लोक काय म्हणतील? गोडाऊनमध्ये बसवतेस त्यांना?"

"घरात समदेच चांगले दिसतात. इथं उजेड हाय."

पाहुणे कुर्डुवाडीहून आले. मुलाचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजात बोलणारे, आई हसरी. मुलगा उंच, सरळ, थोडा घामाघूम. बसताना त्यानं एक विचित्र गोष्ट केली. डॉक्टरबाई ज्या खुर्चीत बसत होती, तिथून तिला उठवून त्यानं खुर्च्यांची अदलाबदल केली, ती त्याच्या उजवीकडं आली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी कोपऱ्यात बसून दुसरं काहीच करत नसते, म्हणून मला दिसलं.

काचेखालचा उजेड सगळ्यांच्या हनुवटीवर पडला होता. चहा झाला. अक्कांनी मुलाकडं हात पुढं केला. "रुमाल बघू." त्यानं गोंधळून रुमाल दिला. अक्कांनी तो उलटा करून शिवण बघितली आणि परत दिला.

वडील हसले. "बघा की, बघा. आमचं पोरगं लई गरीब हाय बगा. कदी उलटा शब्द न्हाय."

"तेच इचारायचं हाय," अक्का म्हणाल्या. "बाळ, माज्या पोरीला न सांगितलेली एक गोष्ट सांग."

"म्हणजे?"

"तिला ठाऊक न्हाय असं तुजं एक काहीतरी. आत्ता. इथं."

"अम्मा!"

"तू गप."

मुलाची आई नवऱ्याकडं बघायला लागली. मुलगा काचेकडं बघत होता. मला वाटलं, आता तो हसून म्हणेल, तसं काही नाही. म्हणाला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. अक्कांचा हात कमरेवर होता. कात्री काढणार नव्हत्या त्या, पण हात तिथंच होता.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," मुलगा म्हणाला. "लहानपणापासून. आता उजवाही कमी होतोय. डॉक्टर म्हणतात, वाढेल."

त्याच्या आईनं पदर डोळ्याला लावला. वडील पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "आमीच म्हनलो त्याला, लगीन हुईपातुर बोलू नगं."

अक्कांनी श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली. "एवढंच व्हय? अरे, हितं आख्ख्या एमआयडीसीला कमी ऐकू येतं. मागावर जन्म काढला मी, मलाच निम्मं ऐकू येत न्हाय."

पण डॉक्टरबाई उभी राहिली होती.

"दोन वर्षं," ती त्याला म्हणाली. "दोन वर्षं मी तुला म्हणतेय की तुझं माझ्याकडं लक्ष नसतं. आपली सगळी भांडणं त्यावरनं झाली. आणि तू सॉरी म्हणत राहिलास. मला वाटायचं, मीच जास्त अपेक्षा करते."

ती बाहेर गेली. जाताना माझ्या मांडीवरचं पुस्तक तिनं ओढून घेतलं, का ते तिलाही ठाऊक नसावं. मुलगा उठायला लागला. अक्कांनी त्याला हातानं बसवलं, मला डोळ्यानं बोलावलं आणि आम्ही दोघी तिच्यामागं बाहेर आलो.

आवारात सूत गुंडाळतात त्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या कोनांची पोती रचलेली होती. ती एका पोत्यावर बसली होती. मांडीवरच्या पुस्तकातून लाल दोरे खाली लोंबत होते. तिनं ते पहिल्यांदाच बघितलं होतं.

"हे काय आहे?"

मी पहिल्यांदा कुणी न सांगता बोलले. "जिथं जिथं त्याला बोलता आलं असतं, तिथं अक्कांनी दोरा लावलाय."

ती दोरा दोरा धरून पानं उलटत गेली. मग ते पान आलं. कापलेल्या कोपऱ्यावर तिनं बोट ठेवलं आणि आईकडं बघितलं.

"तूच कापलायस ना हा? म्हणजे दुरुस्त होत नाही. बरोबर? मग आत्ता काय सांगायला आलीस? एवढंच व्हय म्हणून?"

अक्कांनी कमरेची कात्री चाचपली, सोडली. मग खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि तोच टॉवेल मुलीच्या पुढं धरला. कोपरा कापलेला.

"कापल्यावर काय करते मी?" त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला देत न्हाय. फेकते का?"

मुलीनं मानेनंच नाही म्हटलं.

"तू जन्मल्यावर ज्यात गुंडाळलं, तो पण असाच हुता. घरात वापरतो की आपण. घरच्या माणसाला चालतो." मग जरा थांबून, "तू न्हाय म्हणालीस तरी मी काय बोलणार न्हाय. तुजं तू बघ. पन त्यानं तोंड उघडलं. आमच्या ह्यांनी न्हाय उघडलं कदी. उशिरा का हुईना बोलले असते, तर मी वाट बघितली असती की."

डॉक्टरबाईनं टॉवेल घेतला, डोळे पुसले आणि कितीतरी वेळ तो नाकाशी धरून बसली. मग उठली. पुस्तक पोत्यावर तसंच राहिलं. चेकिंगच्या खोलीचं दार उघडं होतं, आत काचेचा उजेड दिसत होता. मुलाचे आईवडील बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. ती आत गेली. मुलाच्या उजवीकडची खुर्ची रिकामी होती. ती तिथं बसली नाही. तिनं खुर्ची उचलली, त्याच्या समोर आणून ठेवली, आणि त्याला तिचे ओठ दिसतील अशी बसली. मग बोलायला लागली. काय, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. तो मध्येच काहीतरी म्हणाला. ती हसली नाही, पण उठलीही नाही.

अक्का पोत्यावर बसल्या. त्यांची नजर दारावरून हटत नव्हती. बोटं टॉवेल शोधत होती, पण टॉवेल आत गेला होता.

"ह्यांचा शेवट कुटं बघायचा गं?" त्या मला म्हणाल्या.

मी त्यांच्याशेजारी पोत्यावर टेकले.

"ते पहिलं राहिलंय म्हणत होतीस ना काल. वाच."

मी पुस्तक उचललं. दोरे बाजूला सारून पहिलं पान काढलं. त्याला एकही दोरा नव्हता. समुद्रावरून वारा येत होता, पाववाली दुकानाचं दार उघडत होती आणि लांब, धक्क्यावर, कुणीतरी एक होडी पालथी घालत होता. त्या पानावर ती दोघं अजून एकमेकांना ओळखत नव्हती.